मदत हवी आहे: दर रविवारी बॅरल उपडे करूनही अळ्या का होतात? (सोलापूर)

धागाकर्ती
घर पूर्व भागात, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. २०० लिटरचे तीन बॅरल आणि सिमेंटचा हौद (४ × ३ × ३ फूट). दर रविवारी बॅरल उपडे करतो, तरी पाणी भरल्यावर चौथ्या दिवशी अळ्या वळवळतात. टेमेफॉसचे (अळ्या मारायच्या औषधाचे) दाणे टाकले, तरी दुसऱ्या दिवशी डास निघाले. औषध नकली असेल का? आणि कोकणाच्या मानाने आपल्याकडे पाऊस तो किती, मग पावसाळा सरता सरता डेंग्यू का वाढतो?

काळीमाती
ताई, औषधाला दोष देऊ नका. पाण्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, मोठ्या डोक्याचे किडे दिसतात ना, ते कोष. ते काही खात नाहीत, म्हणून औषध त्यांना लागत नाही आणि दोन दिवसांत त्यांचे डास होतात. असं पाणी ओतूनच द्यायचं, तेही गटारात नाही, कोरड्या मातीवर.

खरी अडचण अंड्यांची आहे. एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास, त्याची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काजळीच्या कणाएवढी काळी. बॅरल उपडा करून ती पडत नाहीत आणि वाळली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नळ आला, पातळी वर चढली, अंडी भिजली की अळ्या बाहेर. त्यामुळे काथ्या आणि धुण्याची पावडर घेऊन आतली भिंत काठापर्यंत खरवडून घासा. हे पाणी यायच्या दिवशी, भरण्याआधी करा. रविवारची वाट बघू नका.

दाण्यांचं माप: १ टक्क्याचे दाणे १० लिटरला १ ग्रॅम. बॅरलला २० ग्रॅम. हौद ३६ घनफूट, म्हणजे साधारण १००० लिटर, त्याला १०० ग्रॅम. फक्त वापरायच्या पाण्यात.

उजनीकाठ
पावसाचं सांगतो. हा डास डबक्यापेक्षा घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो. पाणी रोज येत नाही म्हणून साठवण, साठवण म्हणून डास. कोकणात धो धो पावसात उघडी भांडी वाहून तरी निघतात. आपला बॅरल सावलीत स्थिर.

ऋतूचा हिशोब वेगळा. रुग्णाला चावल्यावर विषाणू डासात पिकायला २५ ते २८ अंशाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. मे महिन्यातल्या चाळिशीपलीकडच्या कोरड्या उन्हात बरेच डास तेवढे जगतच नाहीत. पाऊस लागला की हवा दमट होते, डास जास्त दिवस टिकतो. आपल्याकडे सप्टेंबरात जोराचा पाऊस होतो, म्हणून त्यानंतरचे आठवडे जपायचे. उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच ठेवू नका: टाकी घासून कोरडी करा, गवताच्या जाळ्या काढून जाळा, त्यांनाही अंडी चिकटलेली असतात.

धागाकर्ती
खूप धन्यवाद दोघांना. हौद दर वेळी रिकामा करणं जमत नाही, त्यात गप्पी मासे चालतील? आणि बॅरलवर साडी बांधली तर?

काळीमाती
हौदाला गप्पीच उत्तम. तुमच्या हौदाला दहा पुरे. नळाची धार थेट त्यांच्यावर सोडू नका, क्लोरीनने मरतात. निम्मं जुनं पाणी राहू द्या.

साडी चालेल, पण दुपदरी आणि सायकलच्या ट्यूबने ताणून बांधलेली. सैल कापड मध्ये लोंबून पाण्याला टेकलं की मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. शेजारच्या चार घरांनाही सांगा. हा डास साधारण शंभर-दोनशे मीटरच उडतो, म्हणजे तुमच्या घरातला डास बहुधा तुमच्याच बोळातला.