अपलोड सुरू झाले की व्हिडिओ कॉल तुटतो : राउटरविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न : घरच्या जोडणीचा डाउनलोड वेग १०० एमबीपीएस आणि अपलोड वेग १० एमबीपीएस आहे. फोनमधील छायाचित्रांचा क्लाउडवर बॅकअप सुरू झाला की व्हिडिओ कॉल तुटक होतो आणि साधी संकेतस्थळेही रेंगाळत उघडतात. डाउनलोड मोकळे असताना असे का व्हावे? अधिक वेगाचा प्लॅन घ्यावा, की राउटरमध्येच काही करता येईल?

पहिले उत्तर : प्लॅन बदलण्याची घाई करू नये. डाउनलोड होताना मिळालेल्या डेटाची पोच टीसीपी (डेटा नीट पोचवण्याची इंटरनेटची नियमावली) अपलोडच्याच वाटेने पाठवत असते. ती वाट तुंबली की पोच उशिरा जाते आणि पलीकडचा सर्व्हर पुढचा डेटा पाठवायचा थांबून राहतो. त्यातच बऱ्याच मोडेमांमधील बफर (डेटा रांगेत थांबवून ठेवण्याची जागा) गरजेपेक्षा मोठा असतो. १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडवर १ एमबी (८ मेगाबिट) डेटा रांगेत साचला, तर तो बाहेर पडायला सुमारे ०.८ सेकंद लागतो, आणि कॉलमधील आवाजाचे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) त्याच रांगेच्या शेवटी ताटकळते. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात.

माझी शिफारस एसक्यूएमची (रांग आटोक्यात ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सोय असलेल्या राउटरची आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारित प्रणाली चालणारा राउटर असेल, तर त्यात एसक्यूएमचे पॅकेज घालून केक हा रांग सांभाळण्याचा पर्याय निवडावा. तो २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के, म्हणजे येथे ९ एमबीपीएस ठेवावी. थोडा वेग सोडून द्यावा लागतो खरा, पण त्यामुळे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि केक प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देतो.

प्रश्नकर्ता : सध्याच्या राउटरमध्ये क्यूओएस (ठरावीक वाहतुकीला प्राधान्य देण्याची सोय) आहे. त्यात कॉलला प्राधान्य दिले तर पुरणार नाही का?

दुसरे उत्तर : वेगमर्यादा न घालता नुसते प्राधान्य दिल्यास फारसा उपयोग होत नाही, कारण रांग पुढे मोडेममध्ये असते आणि तेथे राउटरचे काही चालत नाही. मात्र दोषी एकटा बॅकअपच असेल, तर नव्या राउटरवर खर्च करण्याआधी त्या ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते का, हे पाहावे. वरील उत्तरात हा सोपा उपाय राहून गेला आहे. एसक्यूएम वापरायचेच ठरल्यास हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपमधून पॅकेट पुढे पाठवणे) बंद ठेवावे, अन्यथा पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात. सगळा भार मग प्रोसेसरवर येतो, त्यामुळे काहीशे एमबीपीएसच्या जोडणीवर जुना राउटर दमतो. आपल्या वेगाला ती अडचण येऊ नये. डाउनलोडची रांग सेवादात्याच्या बाजूला लागत असल्याने तेथे मर्यादा थोडी अधिक खाली, ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. चाचणी केबल जोडूनच घ्यावी : एकीकडे पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवून मोठी फाइल अपलोड करावी आणि पिंगचा आकडा स्थिर होईपर्यंत मर्यादा थोडी थोडी उतरवावी.