आईच्या बीपीच्या गोळ्या, दर महिन्याला खेटा

प्रश्न (औसा तालुका): आईला बीपी अन् शुगर. बीपीची गोळी ॲम्लोडिपिन ५, शुगरची मेटफॉर्मिन ५००. सरकारी दवाखान्यात ३० दिवसांच्याच गोळ्या देतेत. सोयाबीन काढणीत रोज बुडवून कोण जाणार? मागच्या बारीला आईनं गोळी मोडून अर्धी-अर्धी पुरवली, आम्हाला पत्ताच नाही!

उत्तर: मी उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. चिठ्ठी अन् जुनं पाकीट घेऊन गावच्या उपकेंद्रात नाव नोंदवा, साठा असला तर गोळ्या तिथंच मिळतेत. सात उरल्या की या, संपल्यावर नको.

दुसरं उत्तर: बीपी मोजूनच घ्या बरं. आमच्या दादांनी तीन वर्षं एकच चिठ्ठी चालवली. त्या गोळीनं पाय सुजले तवा डॉक्टरनं ॲम्लोडिपिन बदललं.

प्रश्नकर्ता: आईचेबी पाय सुजतेत. आम्ही म्हणायलो खुरपून सुजले. उद्याच नेतो.