कॅथलिक प्रोफेसर जज निवडणाऱ्या कमिशनवर गेले, तर चर्च बाहेर ठेवून यायचं का?

अनघा_कॅन्सस

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला राहतो. इथल्या एका नेमणुकीवरून घरात आणि आमच्या मराठी ग्रुपवर एवढी वादावादी झालीय की म्हटलं इथे जाणकार आहेत तर विचारावं. माझ्या मुलीला कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवणारे एक प्रोफेसर आहेत, रविवारची चर्चमधली प्रार्थना (मास) न चुकवणारे कॅथलिक, वकील अजिबात नाहीत, आणि त्यांना राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज निवडणाऱ्या कमिशनवर घेतलंय. बातमी आली तसं ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं की चर्चचा माणूस आत घुसला, आता अ‍ॅबॉर्शनच्या विरोधात असेल त्याचंच नाव पुढे सरकणार. आणि दुसरीकडे त्यांच्याच पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चच्या) एक बाई मला अगदी खूश होऊन म्हणाल्या, बरं झालं, आपला माणूस गेला तिथे. मला दोन्ही ऐकून वाईट वाटलं. मुलगी सांगते की वर्गात ते स्वतःचं मत कधीच बोलत नाहीत, दोन्ही बाजू मुलांकडूनच वदवून घेतात, आणि अशा माणसाला दोघंही फक्त त्याच्या धर्मावरून ओळखतायत.

तर मला विचारायचंय की या कमिशनच्या एका मेंबरच्या हातात खरंच असतं किती? आणि श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवून ये ही अपेक्षा रास्त आहे का? वकील नसलेल्या माणसाने तिथे नक्की काय करायचं असतं हेही कोणी सांगितलं तर बरं.

सदानंद_विचिटा

अनघाताई, हातात किती ते आधी सांगतो कारण ग्रुपवरच्या लोकांना बहुतेक तेच माहीत नाहीये. कमिशन ९ जणांचं. ४ बिगर वकील, ते गव्हर्नर नेमतो, प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमधून (म्हणजे काँग्रेसच्या मतदारसंघातून) एक. ४ वकील, ते त्या त्या डिस्ट्रिक्टमधले वकील मतदान करून निवडतात. आणि अध्यक्षही वकीलच, त्याला राज्यभरातले वकील निवडतात. जागा रिकामी झाली की अर्ज येतात, मुलाखती होतात, आणि कमिशन गव्हर्नरला ३ नावं देतं, त्यातलंच एक ६० दिवसांत निवडायचं, नाही निवडलं तर चीफ जस्टिस निवडतात. म्हणजे तुमचे प्रोफेसर ९ मतांपैकी एक मत आणि तेही फायनल नेमणुकीचं नाही. पुढे तो जज वर्षभर काम केल्यावर येणाऱ्या निवडणुकीत लोकांसमोर जातो, ठेवायचा का नाही एवढंच विचारतात, आणि मग दर ६ वर्षांनी परत.

हे सगळं का आलं ते इथल्या मराठी लोकांना सांगायला मला आवडतं कारण गोष्ट जबरदस्त आहे. १९५६ ला गव्हर्नर फ्रेड हॉल स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत मतदानात) हरला. त्याच्या मर्जीतले चीफ जस्टिस बिल स्मिथ आजारी होते, त्यांनी वर्ष संपता संपता राजीनामा दिला, मग ३ जानेवारी १९५७ ला हॉलने गव्हर्नरपद सोडलं, लेफ्टनंट गव्हर्नर मॅककुइश ११ दिवसांचा गव्हर्नर झाला आणि त्याने काय केलं, तर त्या रिकाम्या जागेवर हॉललाच सुप्रीम कोर्टात बसवलं. लोक इतके भडकले की १९५८ ला घटनादुरुस्ती करून कमिशनने नावं सुचवायची ही मिझुरीची पद्धत घेतली, मिझुरीत ती १९४० पासून होती. म्हणून या कमिशनवर असेपर्यंत पक्षाचं पद घेता येत नाही, आणि कमिशन सोडल्यावर ६ महिने स्वतःला त्या कोर्टाच्या जागेसाठी नाव लावता येत नाही. नियम करणाऱ्यांना भीती होती ती राजकारणी साट्यालोट्याची, कोण कुठल्या देवळात किंवा चर्चमध्ये जातो याची नव्हती.

आणि धर्माबद्दल तर सरळ लिहिलेलंय. कॅन्ससच्या घटनेतल्या हक्कांच्या यादीत ७ व्या कलमात आहे की सार्वजनिक विश्वासाच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट नसेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही १९६१ ला टोर्कासो केसमध्ये मेरीलँडची देवावर विश्वास आहे असं लिहून घ्यायची अट रद्द केली, आणि तिथे पद होतं नोटरीचं! म्हणजे नास्तिकाला अडवता येत नाही तसं कॅथलिकालाही नाही.

वसईकर७१

मी स्वतः कॅथलिक, वसईचा, त्यामुळे थोडं आतून लिहितो.

पहिलं म्हणजे ग्रुपवरचे ते भाऊ म्हणतात तसा हा चर्चचा माणूस नाहीये. चर्चचा माणूस म्हणजे धर्मगुरू, आणि धर्मगुरूंना तर कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) २८५ व्या कलमाने सत्तेचं सरकारी पद घ्यायला मनाई आहे. मॅसॅच्युसेट्सचे फादर रॉबर्ट ड्रिनन जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू) असून १० वर्षं काँग्रेसमध्ये होते, १९८० ला पोप जॉन पॉल दुसरे यांच्याकडून आदेश आला आणि ते निवडणुकीला परत उभे राहिले नाहीत. पण प्रापंचिक माणसाला चर्च उलट सांगतं की जा, समाजाची कामं कर, स्वतःच्या विवेकाने कर. तिथे बिशप फोन करून कोणाला मत द्यायचं ते सांगत नसतो हो.

दुसरं, लोक अ‍ॅबॉर्शनवरच अडकतात. कॅथलिक शिकवण तिथेच संपते का? २०१८ ला पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशी कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही असं घातलं. आता कॅन्ससमध्ये फाशी कायद्यात आहे, १९९४ ला परत आणली, जरी १९६५ नंतर कोणाला दिलेली नाहीये. म्हणजे चर्चच्या शिकवणीची पट्टी लावून उमेदवार मोजायचा म्हटलं तर एका मुद्द्यावर तो एका पक्षाला आवडेल आणि दुसऱ्या मुद्द्यावर त्याच पक्षाला नको होईल. आपला माणूस गेला म्हणणाऱ्या त्या बाईंना हे विचारा, ताई. मनापासून विचारा, भांडायला नको.

आणि एकाच धर्माची माणसं एकसारखा निर्णय देतात हा समज तर कॅन्ससच्याच केसने मोडलाय. विचिटाच्या २००० सालच्या त्या भयानक खुनांमध्ये कार बंधूंची फाशी राज्याच्या कोर्टाने २०१४ ला रद्द केली, जानेवारी २०१६ ला वॉशिंग्टनच्या म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल ८ विरुद्ध १ ने फिरवला. बहुमताचा निकाल लिहिला स्कालियांनी आणि एकटं विरोधी मत लिहिलं सोटोमायोर बाईंनी. दोघंही कॅथलिक!!

माझ्या मते श्रद्धा काढून ठेवून या असं म्हणणंच चूक. उमेदवार खरं बोलतोय का, गरीब अशिलाशी कसा वागला, हरलेल्या बाजूबद्दल काय बोलतो, हे बघायची नजर त्या प्रोफेसरांना जिथून कुठून मिळाली असेल तिथून मिळू दे की. फक्त उमेदवाराच्या श्रद्धेची चौकशी त्यांनी करू नये, आणि त्यांच्या श्रद्धेची इतरांनी.

अ‍ॅड_ठाणे

वसईकरांशी बरंचसं सहमत पण एका ठिकाणी नाही. विवेकाने कर म्हणणं सोपं आहे, पण मत नोंदवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून मी माणसाच्या चांगुलपणावर सोडायला तयार नाही, मला पद्धत बघायची असते.

आपल्याकडे हाच प्रश्न येऊन गेलाय. ९९ वी घटनादुरुस्ती आणि राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आठवतोय का? ६ जण, सरन्यायाधीश, त्यांच्या खालचे २ ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि २ प्रतिष्ठित व्यक्ती. या दोघांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि विरोधी पक्षनेता मिळून करणार, पण प्रतिष्ठित म्हणजे कोण याची व्याख्याच नाही, आणि कुठल्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव पडलं. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने ते सगळं रद्द केलं, न्यायमूर्ती चेलमेश्वर एकटे विरोधात. आक्षेपांमधला एक मोठा आक्षेप याच दोघांवर होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की बाहेरचा माणूस असणं चूक नव्हतं, त्याला कसलीच चौकट न देता नकाराधिकार देणं चूक होतं. आणि परिणाम काय, आपण परत कॉलेजियमवर, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, जिथे बाहेरचं कोणीच नाही आणि बंद दाराआड काय बोलणं झालं ते ठरावातल्या चार ओळींवरून ओळखायचं. त्याच निकालात बहुमतात असलेले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ, तेही कॅथलिक बरं का, त्यांनीही कॉलेजियमला मोकळेपणाची गरज आहे असं लिहिलं होतं.

कॅन्ससमध्ये बिगर वकील माणसाला चौकट आहे. सदानंदरावांनी सांगितलेली बंधनं आहेतच, शिवाय मुलाखती लोकांना बसून बघता येतात, हे तर आपल्याकडे स्वप्नातही नाही. तेव्हा अनघाताई, तुमच्या ग्रुपवरच्या गृहस्थांना संशय असेल तर त्यांनी पुढच्या मुलाखतींना जाऊन बसावं आणि प्रोफेसर काय विचारतात ते ऐकावं. रो विरुद्ध वेड (देशभर हा हक्क देणारा जुना निकाल, २०२२ ला फिरवला) किंवा राज्याच्या २०१९ च्या अ‍ॅबॉर्शनच्या निकालाबद्दल तुम्ही काय केलं असतं असं आडून जरी विचारलं तरी माझ्या दृष्टीने ते चुकीचं. कारण कोर्टासमोर येऊ शकणाऱ्या केसबद्दल वचन द्यायचं नाही हा जज होऊ पाहणाऱ्याला आचारसंहितेचा नियम आहे, मग विचारणाऱ्याने त्याला त्या कोपऱ्यात का ढकलावं? त्याऐवजी तुमचा एखादा निर्णय वरच्या कोर्टात उलटला तेव्हा काय शिकलात हे विचारा, माणूस बरोबर कळतो.

आणि वकील नसल्याचा फायदाच आहे. आम्ही वकील एकमेकांना ओळखतो, उद्या त्याच जजसमोर उभं राहायचं असतं, त्यामुळे आमच्या बोलण्यात भीड असते. पॉलिटिक्सच्या प्रोफेसरला उद्या तिथे केस चालवायची नाहीये आणि कोर्ट विधिमंडळापासून वेगळं का लागतं हे तो वर्षानुवर्षं शिकवतोय.

अनघा_कॅन्सस

सगळ्यांचे मनापासून आभार, कार बंधूंच्या केसचं मुलीला वाचून दाखवलं. पण अजून एक राहिलंय. विधिमंडळाने २०२५ ला ठराव पास केलाय ना, ऑगस्ट २०२६ च्या मतदानात लोकांनी हो म्हटलं तर हे कमिशनच जाणार आणि जज थेट निवडून येणार. मग प्रोफेसरांसारख्या माणसाला काय जागा राहणार? आणि धर्माचा विषय त्याने कमी होईल का वाढेल?

सदानंद_विचिटा

ताई, माझं स्पष्ट मत, वाढेल. ऑगस्ट २०२२ चं अ‍ॅबॉर्शनच्या दुरुस्तीचं मतदान (राज्याच्या घटनेत असा हक्क नाही असं लिहायचं का?) तुम्ही इथे असाल तर पाहिलंच असेल, चर्चच्या डायोसीसनी (बिशपच्या प्रांतांनी) हो च्या बाजूने मोठाल्या देणग्या दिल्या, विरुद्ध बाजूनेही पैसा ओतला, आणि शेवटी साधारण ५९ टक्के लोकांनी नाही म्हटलं. तो एका प्रश्नावरचा प्रचार होता. जजची निवडणूक झाली की तसाच प्रचार प्रत्येक जागेसाठी, आणि उमेदवाराचं चर्च पोस्टरवर. आत्ताच्या पद्धतीतही २०१६ ला ४ जजना घालवायची मोठी मोहीम झाली होती, तरी ते टिकले, कारण समोर प्रतिस्पर्धी उमेदवार नव्हता, फक्त ठेवा की काढा एवढंच होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की कमिशनवर ९ पैकी ५ वकिलांनी निवडलेले, सामान्य मतदाराला काही सांगायला वाव नाही, आणि हे म्हणणं अगदीच पोकळ नाहीये, मलाही ते टोचतं. पण त्यावर उपाय म्हणून बिगर वकील वाढवा, ५ करा, ६ करा, गव्हर्नरबरोबर विधिमंडळालाही काही नावं नेमू द्या. कमिशनच मोडून टाकायला मी तयार नाही आणि ऑगस्टमध्ये मी नाहीच म्हणणार. तुम्ही सिटिझन असाल तर मतदार नोंदणी प्रायमरीच्या आधी तपासून घ्या, ते मतदान नोव्हेंबरमध्ये नाहीये आणि आपले बरेच लोक ऑगस्टला भारतात गेलेले असतात, त्यांना अ‍ॅडव्हान्स बॅलट मागवायला सांगा.