सर्वंकष, पाळत आणि पहारा

– एका डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या कादंबरीवर लिहिताना ‘टोटॅलिटेरियन’साठी मी ‘हुकूमशाही’ लिहिलं. मित्र म्हणतो, ‘सर्वंकष सत्ता’ हवं. पण सर्वंकष आपण अभ्यासाला लावतो, कौतुकाने. मग?

– मित्राचं बरोबर आहे. संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे. सोनं ज्यावर घासून बघतात तो निकष, काठ खरवडत जाणारी नदी ती कूलंकषा. तसं, सगळ्याला घासून जाणारं ते सर्वंकष. अभ्यासाने घासलं तर लखलखतं, सत्तेने घासलं तर साल निघते. हुकूमशहाचं बहुतेक वेळा हुकूम पाळला की भागतं. ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीतला पार्सन्स आठवा. सत्ताधारी पक्षाचा भाबडा भक्त, पण झोपेत ‘बिग ब्रदर मुर्दाबाद’ (बिग ब्रदर म्हणजे पक्षाचा सर्वोच्च नेता) बरळतो आणि त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून ऐकते, पकडून देते. वर बापाला तिचा अभिमान! यात त्याने हुकूम कुठला मोडला?

गंमत म्हणजे इटालियनमध्ये ‘टोटालितारियो’ हा शब्द १९२३ साली मुसोलिनीच्या विरोधकाने टीका म्हणून वापरला, नि पुढे फॅसिस्टांनीच तो मिरवला.

– आणि ‘सर्व्हेलन्स’? ‘देखरेख’ मवाळ वाटतं.

– मवाळच आहे. देखरेख बांधकामावर असते. टेहळणी शत्रूच्या मुलखाची. उरले पाळत आणि पहारा. पाळत लपून ठेवतात. पहारा दिसावा म्हणूनच बसवतात. आता ‘१९८४’मधला टेलिस्क्रीन बघा, दाखवणारा आणि बघणाराही पडदा. भिंतीवर राजरोस लावलेला, आवाज कमी करता येतो, बंद करता येत नाही. हा झाला पहारा. पण या घटकेला पलीकडून कुणी बघतंय का, ते कळत नाही. ही पाळत. मी ‘पाळत’च लिहीन, धाक त्या न कळण्यात आहे. रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वी’ कादंबरीत मात्र घरंच काचेची, पडदे ओढायला ठरावीक वेळ आणि परवान्याची गुलाबी चिठ्ठी. त्या घरांत लपूनछपून काही नाहीच, तिथे ‘पाळत’ चालणार नाही. साधं ‘नजर’ पुरे.

– बिग ब्रदरला ‘मोठा भाऊ’ म्हणू?

– फारच घरगुती होतं. ‘दादा’ करून बघा, भाऊ आणि दांडगाई दोन्ही त्यात आहेत. तेही आदरार्थी: ‘दादांचं तुमच्याकडे लक्ष आहे.’ धीर द्यायलाही आपण हेच वाक्य म्हणतो.