मदत हवी आहे: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ठीक, पण बाकीचं?

नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या सिडकोतला, वय 41. परवा उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त दिलं (आणि तिथून थेट मिसळ गाठली, ते सोडा). एलडीएल 108, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 34, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.9. घरचे म्हणतात, एलडीएल बरंय ना, मग झालं! पण वडिलांना 49व्या वर्षी अटॅक आला होता आणि माझी पँट 32ची 36 झालीय. जीव थाऱ्यावर नाही.

धमनीत साचणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या प्रत्येक कणावर एपीओबी हे प्रथिन एकच असतं, म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असताना नुसत्या एलडीएलपेक्षा ते मोजणं मला जास्त पटतं. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) बहुतांशी आनुवंशिक, एकदा तपासलं तरी पुरतं. नाशकात, शक्यतो इंदिरानगर-गंगापूर रोडकडे, या दोन्ही तपासण्या कुणी केल्यात का? किती पैसे लागले? आणि आधी फिजिशियन गाठू की थेट हृदयरोगतज्ज्ञ?