किरणोपचारांचा डोस ठरवतानाच मुलाच्या पुढच्या जीवनमानाचा विचार व्हावा का?

सोनचाफा (धागालेखिका)

मेड्युलोब्लास्टोमा हा मुलांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारा घातक ट्यूमर. तो लहान मेंदूत होतो आणि मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून पसरू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला आणि कण्याला किरणोपचार द्यावे लागतात. सर्वसाधारण जोखमीच्या मुलांत हा डोस २३.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असतो आणि ट्यूमरच्या जागी तो ५४ ग्रेपर्यंत नेतात, म्हणजे रोज १.८ ग्रे या हिशेबाने ३० दिवसांचे उपचार. यातली बहुसंख्य मुले वाचतात. मात्र काही वर्षांत विचारांचा वेग मंदावणे, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, कण्याची खुंटलेली वाढ आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची भर पडून येणारा बहिरेपणा हे परिणाम दिसू लागतात. वय जितके कमी, तितके मेंदूचे नुकसान अधिक. मूल पाच वर्षांनी हयात आहे, एवढ्यावर उपचार यशस्वी म्हणणे मला अपुरे वाटते.

रक्ताच्या कर्करोगात हा विचार झालेला आहे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना एकेकाळी खबरदारी म्हणून मेंदूला २४ ग्रे देत असत. अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या ‘टोटल १५’ अभ्यासात हे किरण सर्वच मुलांसाठी वगळले गेले, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षे जगलेल्या मुलांचे प्रमाण ९३.५ टक्के होते.

कृष्णाकाठ

ल्युकेमियाचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे किरणांची जागा अधिक काटेकोर केमोथेरपीने आणि मणक्यातून दिलेल्या औषधांनी घेतली. मेड्युलोब्लास्टोमात तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी मेंदू आणि कण्याचा डोस २३.४ वरून १८ ग्रेवर आणून पाहिला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पाच वर्षे आजाराविना राहिलेली मुले कमी डोसच्या गटात ७१.४ टक्के होती, तर नेहमीच्या डोसच्या गटात ८२.९ टक्के. हा फरक म्हणजे पुन्हा आजारी पडलेली मुले आहेत, आणि हा आजार उलटला की हाती फार थोडे उपाय उरतात. शिवाय गावाकडची शेती वाऱ्यावर सोडून मुंबईत आलेल्या कुटुंबापुढे पहिल्याच भेटीत दुष्परिणामांची यादी वाचली, तर ते उपचार अर्धवट सोडून परत जाण्याची मला भीती वाटते.

एक आई

आम्हाला ती यादी कोणी वाचून दाखवली नाही, आणि त्याची किंमत माझ्या मुलाने शाळेत मोजली. आज तो सहावीत आहे. गणिताचे उत्तर तो तोंडी अचूक सांगतो, पण फळ्यावरचे तिसरे उदाहरण वहीत उतरेपर्यंत फळा पुसलेला असतो. दोन वर्षे डायरीत ‘लक्ष देत नाही’ हाच शेरा येत राहिला, आणि मीही त्याला त्यावरून बोलत राहिले. मेंदूवरच्या उपचारांचा हा परिणाम आहे, हे पाठपुराव्याच्या तपासणीत कळले. मग शाळेला पत्र दिले, लिहायला जादा वेळ मिळाला आणि त्याचे रडणे थांबले. सगळे आधी सांगितले असते तरी आम्ही किरणोपचार घेतलेच असते.

माळरान

जीवनमान मोजणार कसे, हा माझा आक्षेप आहे. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘पेड्सक्यूएल’ ही २३ प्रश्नांची प्रश्नावली मूल वेगळी भरते आणि पालक वेगळी, आणि दोघांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत. मूल मित्रांत रमलेले असते, तर पालकांना त्याची उंची आणि गुण टोचत असतात. अशा वेळी डोस ठरवायला कोणाचा आकडा धरायचा? धडधाकट माणसांनी दुसऱ्याचे आयुष्य उणे ठरवण्याचा धोका मला इथे फार मोठा वाटतो.

सोनचाफा

मुलाचा आकडा धरावा. पाच वर्षांपासून पुढची मुले तो स्वतः देऊ शकतात.

कृष्णाकाठ यांनी ज्या चाचणीचा दाखला दिला, तिचा दुसरा अर्धा भागही पाहायला हवा. शेवटचा जादा डोस लहान मेंदूच्या संपूर्ण भागाऐवजी फक्त ट्यूमरच्या जागेला दिला, तरी मुलांच्या जगण्यात उणेपणा आला नाही. म्हणजे जीवनमानाचा विचार केला म्हणून जीव धोक्यात आलाच पाहिजे, असे नाही. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार, म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेले किरणोपचार, मिळू लागले आहेत. त्यात किरण कण्याच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे हृदय आणि आतडी वाचतात. संपूर्ण मेंदूला द्यायचा डोस मात्र त्यानेही टळत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवे. म्हणूनच उपचारांआधी बौद्धिक चाचणी, पुढे दरवर्षी श्रवण आणि संप्रेरकांची तपासणी, आणि शाळेसाठी मराठीत लिहिलेले पत्र हा उपचारांचाच भाग धरला जावा, अशी माझी मागणी आहे.

कृष्णाकाठ

पत्राला आणि चाचणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पालकांशी बोलणे पहिल्या भेटीत नको. किरणोपचारात डोके स्थिर ठेवणारा चेहऱ्याचा मास्क बनवण्याआधी, वैद्यकीय समाजसेवक सोबत असताना ते व्हावे. मेंदू आणि कण्याचा डोस मात्र नव्या चाचणीचा ठोस पुरावा येईपर्यंत २३.४ ग्रेच्या खाली आणायला माझी तयारी नाही.