'एकही माणूस दगड नसतो' म्हणे!

खामलेकर: परवापासून एका निवृत्त समुपदेशक बाईंची पोस्ट फिरते आहे. तीव्र व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या कैद्यांवर उपचार करण्यात हयात गेली अन् शेवटी कळलं, 'एकही माणूस दगड नसतो.' लाइकांचा पाऊस! मॅडम, 2004 मध्ये नागपुरातल्या अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात लोकांनी का संपवलं, ते जरा कस्तुरबानगरात विचारून या. कॅनडात ओक रिज या गुन्हेगारांच्या मनोरुग्णालयात 1960 च्या दशकात असेच प्रयोग झाले. त्यावरचा 1992 चा अभ्यास सांगतो, उपचार घेतलेल्या सायकोपॅथांनी सुटल्यावर न घेतलेल्यांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. भावना ओळखायला शिकवलं, अन् बहुतेक तीच विद्या त्यांनी लोकांना गुंडाळायला वापरली.

प्रतापनगरची: अर्धंच सांगता काऊन? तिथं कैद्यांना नागडं करून दिवसेंदिवस एका खोलीत कोंडायचे, एलएसडी हे भ्रम आणणारं ड्रग द्यायचे. त्याले उपचार म्हणता? अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेंडोटा केंद्रात गुन्हेगार पोरांवर नीट काम झालं, तिथं हिंसा घटली. मी नऊ वर्षं तुरुंगात हेच करते आहे. पहिल्याच वर्षी माझ्या डायरीतून पोरीच्या हॉलतिकिटाचं टोक डोकावत होतं. पुढच्या बैठकीत एकानं हसून विचारलं, "ताईचा गणिताचा पेपर कसा गेला?" रात्रभर डोळा लागला नाही. तेव्हापासून माझी खुर्ची दाराजवळ अन् डायरी घरी. तोच माणूस चौथ्या वर्षी, बराकीत मारामारी पेटली तेव्हा, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. संत नाही झाला. हात उचलला नाही, एवढंच.

बर्डीवाला: सहा महिन्यांचा डिप्लोमा केला की कोणीही समुपदेशक! आमच्या सोसायटीत तीन आहेत. एक वास्तुशास्त्रही पाहते.

प्रतापनगरची: माझं एम.फिल. आहे, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. अन् कंत्राट अकरा महिन्यांचं!

बर्डीवाला: रडू नका. मी सहा हजारांत तीन वर्षं शिक्षणसेवक होतो. वर जनगणनेची, मतदार याद्यांची कामं.

प्रतापनगरची: मतदार यादी चाकू काढत नाही, सर.

बर्डीवाला: सातवी ब मध्ये एक तास घेऊन पाहा, मग बोला.

मुलाकातवाली: भांडा राजेहो. माझा भाऊ आत आहे, कुठं ते सांगत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 103 आहे, राज्यातल्या किमान एका तुरुंगात मानसिक उपचारांची सोय हवी म्हणून. भावाला आठ वर्षांत झोपेची गोळी मिळाली.

खामलेकर: बरं बाई, तुमच्या माणसानं हात उचलला नाही, मान्य. माझ्या मावसभावाला भोसकणारा चांगल्या वागणुकीवर लवकर सुटला. रोज सकाळी मला नमस्कार करतो. खरा की खोटा, येता का पाहायला?

प्रतापनगरची: येते की. कंत्राट संपायच्या आत बोलवा.